दुसऱ्या खोलीत उकडत का नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. '१२ अँग्री मेन'चा सिडनी लुमेटनं केलेला १९५७ चा चित्रपट आणि विल्यम फ्रीडकिननं केलेला १९९७ चा रिमेक तुम्ही लागोपाठ दोन रात्री पाहिलेत. लेखक दोन्हीकडे रेजिनाल्ड रोझच. गोष्ट तीच, संवादही बरेचसे तेच, नट दोन्हीकडे कसलेले. तरी पहिला बघताना तुम्ही जागचे हलला नाहीत आणि दुसऱ्यात दोनदा फोन हातात घेतलात. मग हा कृष्णधवलचा नुसता दबदबा, की खरंच काही वेगळं आहे? आणि तुमच्या चित्रपट मंडळात दोन्हींपैकी एकच दाखवायचा झाला तर कोणता?

मी संकलक, म्हणजे एडिटर, आहे. बावीस वर्षं लोकांचे चेहरे कापतोय आणि जोडतोय, त्यातली काही वर्षं हे काम शिकवतोही आहे. त्यामुळे 'कोणता चांगला' हा भाग मी शेवटी घेईन. तुमचा खरा प्रश्न मला वेगळा दिसतो: शब्द तेच असताना परिणाम का बदलला? हा प्रश्न आमच्या टेबलावर रोज येतो. एकाच संवादाचे दोन टेक समोर असतात, शब्द न् शब्द सारखा, आणि एक जिवंत असतो, दुसरा नसतो. का, ते सांगता आलं नाही तर पगार कशाचा घ्यायचा?

थोड्या गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधी मान्य करून टाकू. तुम्ही १९५७ चा आधी पाहिलात. या गोष्टीत एक गाठ आहे, ती एकदा सुटली की दुसऱ्या वेळी तेवढी ओढ राहणारच नाही. शिवाय १९९७ चा रिमेक शोटाइम या केबल वाहिनीसाठी बनला, त्या काळच्या जवळजवळ चौकोनी टीव्हीच्या पडद्यासाठी. त्या चौकटीत बारा माणसं बसवायची म्हणजे क्लोजअप घेण्यावाचून फारसा पर्याय नसतो. मी एकदा वर्गाचे दोन गट करून एकाला रिमेक आधी दाखवला, दुसऱ्याला जुना. रिमेक आधी पाहिलेली मुलं अजिबात कंटाळली नाहीत. पण नंतर बोलताना त्यांना वाक्यं आठवत होती. जुना आधी पाहिलेल्यांना चेहरे आठवत होते. हा काही शास्त्रशुद्ध प्रयोग नव्हे, पण तेव्हापासून तो फरक माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

ज्यांनी यातला एकही पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. झोपडवस्तीतल्या अठरा वर्षांच्या पोरावर बापाला सुऱ्यानं भोसकल्याचा आरोप आहे. न्यू यॉर्कमधले ज्युरीचे, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवणारे, बारा सामान्य लोक एका खोलीत बंद होतात. निकाल एकमतानंच द्यायचा आहे. पहिलं मतदान होतं: अकरा जण दोषी म्हणतात, आठ नंबरचा एकटा नाही म्हणतो. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे हे अकरा-एक उलटं कसं फिरतं ते. माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत.

आता एक गोष्ट, जी रिमेकला नावं ठेवताना सगळे विसरतात. तुम्ही ज्याला मूळ म्हणताय तो १९५७ चा चित्रपटही रिमेकच आहे. रोझनं हे आधी टीव्हीसाठी लिहिलं. सप्टेंबर १९५४ मध्ये सीबीएसच्या 'स्टुडिओ वन' या कार्यक्रमात ते थेट प्रक्षेपित झालं, तासाभराच्या वेळेत बसवून. आठ नंबर तेव्हा रॉबर्ट कमिंग्जनं केला होता. जोसेफ स्वीनी, म्हणजे नऊ नंबरचा म्हातारा, आणि जॉर्ज वॉस्कोवेक, म्हणजे अकरा नंबरचा घड्याळजी, हे दोघे तिथून चित्रपटात आले. बाकी सगळे नवे. हेन्री फोंडा आणि रोझ निर्माते झाले आणि त्यांनी दिग्दर्शन एका टीव्हीवाल्याला दिलं, ज्यानं तोवर एकही चित्रपट केला नव्हता. लुमेटचा हा पहिलाच.

तेव्हा सामना मूळ आणि नक्कल असा नाहीच. एकाच संहितेवरचे हे दोन रिमेक आहेत. पहिल्यानं प्रत्येक गोष्ट नव्यानं ठरवली. दुसऱ्यानं काही ठरवल्या आणि उरलेल्या तशाच उचलल्या. माझ्या मते घोडं तिथंच पेंड खातं.

लुमेटनं काय ठरवलं, ते त्यानं स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. पहिला एक-तृतीयांश चित्रपट डोळ्यांच्या पातळीच्या वरून, मधला डोळ्यांच्या पातळीवर, शेवटचा खालून. खालून बघायला लागल्यावर छत दिसायला लागतं आणि खोली आपोआप बुटकी होते. त्याच्या जोडीला लेन्स बदलत गेली. सुरुवातीला २८ मिलीमीटरसारख्या रुंद, म्हणजे जास्त जागा दाखवणाऱ्या लेन्स, मग हळूहळू लांब, ७५ आणि १०० पर्यंत. लेन्स लांब झाली की मागची भिंत माणसाच्या पाठीला येऊन चिकटते. खोली तेवढीच आहे, भिंती इंचभर सरकलेल्या नाहीत, पण बघणाऱ्याला कोंडल्यासारखं व्हायला लागतं. तुम्हाला 'जागचं हलता आलं नाही' असं वाटलं ना, त्यातला बराच वाटा या लेन्सचा आहे. आणि अगदी शेवटी, सगळे कोर्टाच्या पायऱ्यांवर येतात तेव्हा एकदम रुंद लेन्स. बघणाऱ्यालाही तिथं श्वास घेता यावा, एवढ्यासाठी.

हे सगळं दोन आठवड्यांच्या तालमीनंतर, जेमतेम तीन आठवड्यांच्या चित्रीकरणात झालं. पैसे थोडे होते, म्हणून खुर्चीवार चित्रण केलं. म्हणजे एका खुर्चीच्या दिशेनं दिवे लावले की कथेत कुठेही असोत, त्या बाजूचे सगळे शॉट उरकायचे, मग दिवे हलवायचे. त्यामुळे दोघांचं भांडण बघताना एकाचा चेहरा एका दिवशीचा आणि दुसऱ्याचा काही दिवसांनंतरचा असू शकतो. भावनेची पट्टी कुठेही उतरलेली दिसत नाही. संकलक कार्ल लर्नर आणि ते नट, दोघांपुढे मी हात जोडतो. मला असं सामान मिळालं असतं तर दोन दिवसांत पळून गेलो असतो.

आता एक जागा जवळून बघू. जुन्या चित्रपटात चार नंबर हा शेअर दलाल आहे. चष्मा, कोट, टाय, सगळं जागच्या जागी. खोलीत उकाड्यानं बाकीच्यांचे शर्ट पाठीला चिकटलेत, पंखा चालत नाहीये, आणि हा गृहस्थ कोट अंगावर ठेवून बसलाय. कुणीतरी त्याला विचारतं, तुम्हाला घाम येतच नाही का? तो म्हणतो, नाही. संवाद एवढाच, विसरून जावं असा. बऱ्याच वेळानं आठ नंबर त्याला विचारतो, अमक्या रात्री तुम्ही कोणता सिनेमा पाहिलात, त्याच्या आधी कोणता, नाव काय, नट कोण. कारण पोरगा म्हणतोय की खुनाच्या वेळी तो सिनेमाला गेला होता आणि त्याला सिनेमाचं नाव आठवलं नाही, म्हणून तो खोटारडा ठरलाय. चार नंबर उत्तरं देत जातो. एका नावात एक शब्द चुकतो, दोन नंबर तो दुरुस्त करतो. नटांची नावं सांगताना तो अडखळतो. आणि त्या क्षणी, कपाळावर, घाम. तो रुमाल काढून पुसतो. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

पटकथा म्हणजे काय हे मी मुलांना याच जागेवर दाखवतो. शब्द सिनेमाच्या नावांबद्दल आहेत आणि निकाल कपाळावर लागतो. रोझच्या शब्दांत अर्धी गोष्ट होती, उरलेली अर्धी त्या खोलीनं केली. अशी अर्धी-अर्धी वाटणी जिथं असते तिथं रिमेकवाल्यांची पंचाईत होते. शब्द कागदावर असतात म्हणून मिळतात. उरलेली अर्धी बाजू पुन्हा नव्यानं कमवावी लागते.

फ्रीडकिन काही नवशिका नव्हता. १९७१ च्या 'द फ्रेंच कनेक्शन'साठी त्याला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं होतं. गाड्यांचा पाठलाग त्यात असा आहे की अजून पोटात गोळा येतो. त्यानं या खोलीत कॅमेरा हातात घेतला आणि फिरवला. माणूस उठला की कॅमेरा त्याच्यामागे, वळला की वळून. अस्वस्थपणा आणायचा हेतू स्पष्ट आहे. पण बंद खोलीत सतत फिरणारा कॅमेरा उलटाच परिणाम करतो असं माझं मत आहे. कॅमेऱ्याला मोकळेपणानं फिरता येतंय, म्हणजे खोलीत जागा आहे. जागा आहे म्हणजे कोंडी नाही. उकाड्याचं बोलणं इथंही आहे, तरी मला त्या खोलीत उकडत नाही, ते त्यामुळे.

दुसरं आणि माझ्या दृष्टीनं जास्त मोठं: ऐकणं. ही गोष्ट अकरा माणसांनी मत बदलण्याची आहे. मत बोलणाऱ्याचं बदलत नाही, ऐकणाऱ्याचं बदलतं. मग बघायचं कुणाकडे? लुमेट एका चौकटीत पुढे-मागे तीन-चार चेहरे बसवतो. बोलतोय एक, पण मागे सहा नंबर हाताची घडी सोडतोय, हे आपल्याला न सांगता दिसतं. पहिल्या मतदानातच बघा: काही हात लगेच वर जातात, काही इकडेतिकडे बघून, जड झाल्यासारखे. पुढे कोण आधी फुटणार ते त्या हातांत दिसतं. रिमेकमध्ये हलता कॅमेरा बहुतेक वेळा बोलणाऱ्याचा माग काढतो. मग बदलाची बातमी आपल्याला मतदानाच्या वेळी, आकड्यातून कळते.

हे मी टोपी घालून उपदेश म्हणून सांगत नाहीये, स्वतः ठेच खाल्ली आहे. एका मालिकेत कोर्टाचा भाग माझ्याकडे होता, वकिलाचा सहा मिनिटांचा युक्तिवाद. जो बोलेल त्याच्यावर मी कट टाकत गेलो, प्रश्न-उत्तर, प्रश्न-उत्तर, एकदम चपखल लावला. दिग्दर्शकानं पाहिला आणि म्हणाला, "सगळं ऐकू येतंय, पण कुणी ऐकतच नाहीये." रात्री सगळा माल पुन्हा चाळला. आरोपीचं काम करणाऱ्या मुलाचा एक टेक होता. त्यात क्लॅप पडायच्या आधी, कॅमेरा चालू झालाय हे माहीत नसताना तो आपल्या अंगठ्याचं नख खरवडत बसला होता. तो चार सेकंदांचा तुकडा वकिलाच्या सर्वांत जोरदार वाक्यावर टाकला. वाक्याचा आवाज मागे, पडद्यावर नख. सीन उभा राहिला. त्या मुलानं त्या चार सेकंदांत अभिनय केलेलाच नव्हता, हे वेगळं.

आता नटांकडे येतो. रिमेकमधला सगळ्यात कमी बोलला गेलेला फरक म्हणजे वय. आठ नंबर करणारा फोंडा पन्नाशी नुकतीच ओलांडलेला होता, शेवटपर्यंत 'दोषी'वर अडून बसणारा तीन नंबर करणारा ली जे. कॉब पंचेचाळिशीतला. १९९७ मध्ये आठ नंबरचा जॅक लेमन ७२ वर्षांचा होता आणि तीन नंबरचा जॉर्ज सी. स्कॉट सत्तरीला टेकलेला. नऊ नंबरचा ह्यूम क्रोनिन तर ८६ चा. आता याचा हिशेब मांडा. जुन्या चित्रपटात एक म्हातारा उठून आपल्यापेक्षा तरुण माणसाच्या बाजूला उभा राहतो, तेव्हा त्या कृतीला वजन आहे: हा एकटा आहे, मी त्याला साथ देतो. रिमेकमध्ये दोन म्हातारे एकमेकांच्या बाजूला उभे राहतात. ते चांगलंच दिसतं, पण ती गोष्ट वेगळी झाली.

किंवा लंगडत चालण्याचा प्रसंग घ्या. साक्षीदार म्हातारा म्हणतो, मी धडपडल्याचा आवाज ऐकला, बिछान्यातून उठलो, पंधरा सेकंदांत दारापाशी पोचलो आणि पोराला पळताना पाहिलं. आठ नंबर खोलीत पावलं मोजून तेवढं अंतर आखतो आणि पाय ओढत चालून दाखवतो. दोन नंबर घड्याळ धरतो. ४१ सेकंद लागतात. फोंडा चालतो तेव्हा एक धडधाकट माणूस म्हाताऱ्याची नक्कल करतोय, त्यात थोडी वकिली चलाखीही आहे, आणि तीन नंबर चिडतो ते या चलाखीवर. लेमन चालतो तेव्हा नक्कल करायला फारसं काही उरलेलंच नाही. त्याच्याकडे बघून मला साक्षीदार म्हाताऱ्याचीच कणव आली, जी जुन्या चित्रपटात या जागी कधी आली नव्हती. हा तोटा आहे की नफा, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्यानंतर तीन नंबर 'मी याला मारून टाकीन' म्हणून अंगावर धावतो तिथं नक्की तोटा आहे. कॉब धावतो तेव्हा खरंच काहीतरी होईल असं वाटतं. स्कॉट धावतो तेव्हा आपण त्याच्याच काळजीत पडतो.

तरी शेवटचा प्रसंग स्कॉटनं सोडलेला नाही. कॉबचा तीन नंबर मुलाचा फोटो फाडतो आणि कोसळतो, एखादं झाड पडावं तसा. तो संताप अजून ताजा आहे, दोन वर्षं मुलगा भेटलेला नाही. स्कॉटचा संताप शिळा आहे, वर्षानुवर्षं आत मुरलेला, आणि तो निघून गेल्यावर मागे काहीच उरत नाही. या भूमिकेसाठी त्याला एमी हा अमेरिकी टीव्हीचा पुरस्कार मिळाला, तो योग्यच. लेमनची गोष्ट आणखी मजेची. जानेवारी १९९८ च्या गोल्डन ग्लोब सोहळ्यात टीव्ही चित्रपटाच्या गटात व्हिंग रेम्स जिंकला, आणि त्यानं लेमनला मंचावर बोलावून ती बाहुली त्याच्या हातात दिली. रिमेकबद्दल बोलताना हा किस्सा सांगायचा मोह मला कधीच आवरत नाही.

रिमेकनं जो एक निर्णय खरा घेतला तो दहा नंबरचा. जुन्या चित्रपटात पोराची जात-वंश कुठेच सांगितलेली नाही, फक्त 'ते लोक', 'तसली वस्ती'. दहा नंबर एड बेगलीचा, गोरा, म्हातारपणाकडे झुकलेला, सर्दीनं बेजार गॅरेजवाला. त्याचा द्वेष आपल्याला ओळखीचा आणि सोयीचा वाटतो: हा वाईट, आपण चांगले. रिमेकमध्ये बारापैकी चौघे कृष्णवर्णीय आहेत आणि दहा नंबर त्यांतलाच एक आहे. तो मायकेल्टी विल्यमसननं केलाय, आणि हे पात्र पूर्वी नेशन ऑफ इस्लाम या कृष्णवर्णीय मुस्लिमांच्या संघटनेत होतं. आरोपी पोरगा लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचा, आहे आणि याचा द्वेष लॅटिनो लोकांवर आहे. आता तो बोलायला लागला की खोलीतल्या बाकीच्या तीन कृष्णवर्णीय चेहऱ्यांकडे आपली नजर जाते. ज्यानं स्वतः भोगलंय तोही हेच करू शकतो, हे ऐकायला कुणालाच सोयीचं नाही.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ओ. जे. सिम्पसन खटल्याचा निकाल लागला होता; माजी पत्नीच्या आणि तिच्या मित्राच्या खुनाचा आरोप असलेला हा कृष्णवर्णीय माजी फुटबॉलपटू. महिनोन् महिने चाललेल्या खटल्यावर ज्युरीनं चार तासांच्या आत निर्दोष म्हटलं आणि तो निकाल कसा वाटला यावरून अमेरिका वर्णाच्या रेषेवर दुभंगली. दोनच वर्षांनी आलेल्या या चित्रपटातला दहा नंबर त्या हवेतच बसलाय. शिळ्या कढीला ऊत म्हणून रिमेकला हिणवणाऱ्यांनी एवढी एक जागा तरी पाहावी.

पण एक निर्णय घेतला की पुढचे प्रश्न रांगेत येतात, आणि ते रिमेकनं बाहेरच ताटकळत ठेवले. न्यायाधीश आता बाई आहे, चांगलं आहे. मग ज्युरीत एकही बाई का नाही? १९५७ मध्ये ते खपून जातं. १९७५ मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'टेलर विरुद्ध लुइझियाना' खटल्यात सांगितलं होतं की ज्युरी निवडायच्या यादीतून स्त्रियांना पद्धतशीर वगळणं घटनेत बसत नाही. त्यानंतर बावीस वर्षांनी न्यू यॉर्कमध्ये बाराच्या बारा पुरुष हा फारच मोठा योगायोग झाला, दुसऱ्या सुऱ्याच्या योगायोगाहूनही मोठा. पुराव्यांचंही तेच. सिम्पसन खटल्यामुळे घराघरातल्या माणसाला डीएनए हा शब्द पाठ झाला होता, आणि इथं अजून निकाल लागतोय तो म्हाताऱ्याच्या कानांवर, पुलावरून जाणाऱ्या आगगाडीवर आणि साक्षीदार बाईच्या नाकावरच्या चष्म्याच्या खुणांवर. १९५४ चं तर्कशास्त्र १९९७ च्या कपड्यांत. तुमचा फोन हातात आला तो बहुधा अशाच एखाद्या जागी.

(दुसरा सुरा म्हणजे आठ नंबर पोराच्या वस्तीतून सहा डॉलरला विकत आणतो आणि टेबलात रोवतो तो. प्रसंग म्हणून अप्रतिम, कायदा म्हणून गंभीर चूक: ज्युरीतल्या माणसानं बाहेर जाऊन स्वतः तपास करायचा नसतो, कळलं तर खटला पुन्हा चालवावा लागू शकतो. दोन्ही चित्रपटांत ती चूक सारखीच आहे, तेव्हा तुलनेत तिचे गुण कुणालाच नाहीत.)

'एक रुका हुआ फैसला'चं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. बासू चटर्जींनी केलेला याच गोष्टीचा हिंदी रिमेक, १९८६ चा. त्यांच्यापुढची अडचण अमेरिकेतल्या कुणापुढेच नव्हती: आपल्याकडे ज्युरीच राहिली नव्हती. १९५९ मध्ये नानावटी खटल्यात, म्हणजे पत्नीच्या प्रियकराला मारणाऱ्या नौदल अधिकाऱ्याच्या खटल्यात, ज्युरीनं आठ विरुद्ध एक असं निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. चित्रपट हे सगळं बाजूला सारून ज्युरी आहे असं धरून चालतो आणि गंमत म्हणजे ते चालून जातं. कारण पंकज कपूर आणि के. के. रैना समोरासमोर येतात तेव्हा कायद्याचं पुस्तक कुणी उघडत नाही. अन्नू कपूर तेव्हा तिशीचा होता आणि त्यानं म्हातारा केलाय. मात्र पंकज कपूरचा तीन नंबर पहिल्या रिळापासून उकळत असतो, त्यामुळे शेवटी उतू जायला थोडंच शिल्लक राहतं, अशी माझी तक्रार आहे. ती बहुतेकांना पटत नाही.

हाच पेच चीनमध्ये २०१४ च्या रिमेकनं जास्त हुशारीनं सोडवला. तिथं कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी एक लुटुपुटीचा खटला भरतो आणि मुलांचे पालक वगैरे ज्युरी बनून बसतात. म्हणजे निकालाला कायद्यानं काही किंमतच नाही, तरी माणसं हातघाईवर येतात. निकिता मिखाल्कोव्हनं २००७ मध्ये रशियात आरोपी चेचेन पोरगा केला आणि बारा जणांना शाळेच्या व्यायामशाळेत नेऊन बसवलं. खोलीच बदलली. हे दोन्ही चित्रपट लुमेटच्या तोडीचे आहेत असं मी म्हणणार नाही, मिखाल्कोव्हचा तर अडीच तासांच्या वर जातो आणि भाषणं आवरत नाहीत. पण प्रत्येकानं स्वतःला विचारलंय की माझ्याकडे हे बारा जण एकत्र का बसतील. फ्रीडकिनला तो प्रश्न पडलाच नाही, कारण त्याच्या देशात त्याचं उत्तर तयार होतं.

तर तुमचं मंडळ. मंडळी बहुतेक प्रथमच बघणारी असतील तर १९५७ चा, बिनशर्त. ९६ मिनिटं आहे, चर्चेला वेळ उरतो. कायद्याचे किंवा समाजशास्त्राचे विद्यार्थी असतील आणि जुना त्यांनी पाहिलेला असेल, तर १९९७ चा दाखवा. दहा नंबरवर तासभर वाद होईल, आणि तो वाद जुन्या चित्रपटावर होत नाही. नाटक करणारी मुलं असतील तर पूर्ण चित्रपट एकही दाखवू नका. तीन जागा निवडा, पहिलं मतदान, ४१ सेकंद आणि दहा नंबरचा उद्रेक, आणि दोन्ही चित्रपटांतून त्या लागोपाठ लावा. पहिल्यांदा आवाज बंद करून. मुलांना विचारा, आता कोण कुणाच्या बाजूला आहे? ज्या चित्रपटात ते आवाजाशिवाय सांगता येतं त्यात शब्दांखेरीजही काही घडतंय. मग आवाज लावा.

आणि दहा नंबरचा जुना प्रसंग दाखवताना एक करा. तो ओरडतोय, ओरडतोय, आणि एकेक जण खुर्चीतून उठून त्याच्याकडे पाठ करतो. प्रसंग संपला की थांबवा आणि विचारा, सगळ्यात आधी कोण उठलं? बहुतेक जण आठ नंबर म्हणतील. उठतो पाच नंबर, जो तसल्याच वस्तीत वाढलाय. हे त्यांना आधी सांगू नका.